मदत हवी आहे : ग्रीसच्या डोंगरगावात परवानगी नेमकी कोणाकडे मागायची?

मंडळी, ग्रीसमध्ये राहिलेलं किंवा काम केलेलं कोणी इथे आहे का?

मी आर्किटेक्ट आहे. वायव्य ग्रीसच्या एपिरस प्रांतातल्या झागोरी भागातलं पापिंगो हे गाव मला मोजून, रेखाटून काढायचंय. दगडी भिंती आणि छपरावरही दगडाच्याच पातळ फरश्या! विकोसची घळ अगदी जवळ. 2023 मध्ये युनेस्कोने झागोरीला जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यामुळे नियम कडक असणार हे धरूनच चाललोय.

घोळ कारभाराचा आहे. 2010 पर्यंत पापिंगोचा कारभार स्वतंत्र होता, आपल्या ग्रामपंचायतीसारखा. 2011 च्या कालिक्रातिस सुधारणेत देशातल्या हजारावर स्थानिक संस्था एकत्र करून 325 नगरपालिका केल्या, आणि पापिंगो झागोरी नगरपालिकेत गेलं. तिचं मुख्यालय अस्प्रांगेली या दुसऱ्याच गावात. पापिंगोत आता निवडून आलेला अध्यक्ष असतो, पण त्याच्या हातात फारसं काही दिसत नाही. (माझ्या मते एवढ्या लहान गावावर हा अन्यायच, पण ते असो.)

तर घरांची बाहेरून मोजमापं घ्यायला अर्ज कोणाकडे करू? गावच्या अध्यक्षाकडे, महापौरांच्या कार्यालयात, की यानिना या एपिरसच्या मुख्य शहरातल्या पुरातत्त्व खात्याकडे? इंग्रजी पत्र चालतं का, की ग्रीकच लागतं? नागरिक सेवा केंद्रात परदेशी माणसाचं असं काम होतं का?

ऑगस्टमध्ये गर्दी, म्हणून ऑक्टोबरात जायचा विचार आहे. तेव्हा कार्यालयात माणूस भेटेल ना?