दुपारच्या चहाची घरची नानकटाई : माप, आच आणि बिघाड

घरी भाजलेली नानकटाई आणि चहासोबतचे तत्सम प्रकार यांच्यासाठी हा धागा. आठवणींसाठी वेगळा धागा काढू. इथे माप, आच आणि कुठे बिघडतं तेवढंच लिहा.

*

मैदा २०० ग्रॅम, पिठीसाखर १००, साजूक तूप १००, बेसन २ मोठे चमचे, बारीक रवा १ मोठा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, वेलची-जायफळ, चिमूटभर मीठ. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तुपाची नानकटाई पत्र्यावर पसरून पापडी होते. परातीत तूप-साखर तळहाताने पांढरी, हलकी होईपर्यंत फेसायची. पंधरा मिनिटं लागतातच. मग कोरडं सगळं चाळून घालायचं आणि हात आवरायचा. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई कडक होते. पीठ भुरभुरतंय म्हणून दूध घालू नका, अर्धा चमचा तूप घाला.

ओव्हन आधी तापवून १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊच लागते, म्हणून परत आत ढकलू नका. पत्र्यावर गार होताना खुसखुशीत होते.

*

फेसलेलं झालं का, हे पाण्यात थेंब टाकून बघतात. साखर घातल्यावरच बघा. नुसतं तूप न फेसताही तरंगतं, त्यावरून काहीच कळत नाही! साखरेने मिश्रण जड होतं, त्यात पुरेशी हवा भरली तरच वर येतं.

*

ओव्हन नसेल तर कुकर. शिट्टी आणि रिंग काढायची, पाणी नाही, तळाला बोटभर जाड मीठ, त्यावर जाळी. दहा मिनिटं तापवून ताटली ठेवायची, मंद आचेवर २०-२५ मिनिटं. वरून रंग फारसा येत नाही. खालची बाजू बदामी झाली की काढा. रंगाची वाट बघाल तर बूड करपेल.

*

दिवाळीत बेकरीच्या भट्टीत भाजून आणणाऱ्यांसाठी : पिठीसाखर घरूनच दळून, चाळून न्या. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी जरा उतरते, तेव्हाचा नंबर मागा. कडक भट्टीत वरून लाल आणि आत कच्ची राहते. गरम असताना डब्यात रचू नका, वाफ धरून मऊ पडते आणि मोडते ती वेगळीच.

*

गोव्याकडचे बोलिन्ह : ओला नारळ, बारीक रवा, साखर प्रत्येकी २५० ग्रॅम, ३ अंड्यांचे बलक, वेलची. साखरेचा पाक करून त्यात वाटलेलं खोबरं आणि रवा घालून आटवायचं. मिश्रण पूर्ण गार झाल्यावर बलक, नाहीतर ते शिजून गुठळ्या होतात. रात्रभर झाकून ठेवणं टाळू नका. रवा फुगला नाही तर खाताना कचकचतो. दुसऱ्या दिवशी गोळे चपटे करून वर काट्याने आडव्या-उभ्या रेघा, १८० अंशांवर साधारण २० मिनिटं. ओल्या खोबऱ्यामुळे नानकटाईइतके टिकत नाहीत.

*

पिवळसर, साबणासारखी चव = सोडा जास्त.

*

वनस्पती तुपाची कमी पसरते, कारण ते उशिरा वितळतं. निम्मं साजूक, निम्मं वनस्पती चालतं, पण मग वेलची वाढवा. त्याला स्वतःचा असा वास नसतो.