गावठी वालाचं बी घरी कसं धरायचं?

गावाकडून दोन प्रकारचे वाल मिळालेत, एक जांभळ्या शेंगेचा आणि एक पांढरा, गच्चीत दोन्ही वेल मस्त चढलेत आणि आता शेंगा भरतायत. बी पुढच्या वर्षासाठी ठेवायचंय पण शेजारी शेजारी असल्याने मिक्स होईल का? आणि डब्यात ठेवलं की भुंगे लागतात त्याचं काय करायचं?

उत्तर १
वाल बहुतेक आपापल्या फुलातच फळतो, पण फुलांवर येणाऱ्या मधमाश्या थोडी गडबड करतातच. त्यामुळे वेल लांब लावता येत नसतील तर फुलायच्या आधी काही घोसांना मलमलची पिशवी बांधा, त्याच शेंगा बियाण्याला. आणि चांगल्या वेलावर दोरा बांधून ठेवा, त्याच्या शेंगा भाजीला तोडायच्या नाहीत म्हणजे नाहीत (घरच्यांनाही सांगून ठेवा 😄). शेंग वेलावरच खडखडीत वाळू द्या.

उत्तर २
भुंग्यांची अंडी शेंगेवरच, म्हणजे बागेतूनच येतात, डबा कितीही स्वच्छ असो. बी दाताखाली कडक लागेपर्यंत वाळवा, मग हवाबंद बरणीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये. ओलसर बी फ्रीझरमध्ये घातलंत तर कोंबच मरतो. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नका, आत दव धरतं. फ्रीझर नको तर चाळलेली राख मिसळा, आमच्याकडे तेच चालतं.

उत्तर ३
अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंची बियाणे बँक बघा, २०२० ची पद्मश्री आहे त्यांना, वालाचे कितीतरी गावठी प्रकार जपलेत. आणि बरणीवर नाव-वर्ष लिहा हो, नंतर सगळे वाल सारखेच दिसतात.