'कॉलनायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम: ब्राँकिएक्टॅसिसच्या (श्वासनलिका कायमच्या रुंदावतात तो आजार) रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. अडलंय ते इथे: स्यूडोमोनास हा जिवाणू श्वासनलिकांत वर्षानुवर्षं राहतो, पण दरवेळी आजार भडकवतोच असं नाही. या राहण्याला 'संसर्ग' लिहिलं तर रुग्ण धास्तावतो, 'वसाहत' लिहिलं तर इंग्रज आठवतात.

घाटपायथा: बिऱ्हाड! भाडं थकवून बसलेलं.

शब्दनिष्ठ: बिऱ्हाड कधीतरी हलतं. 'निवेशन' लिहा.

घाटपायथा: म्हणजे म्युच्युअल फंड?

अर्धविराम: शिवाय बिऱ्हाड एकाचं असतं. फुप्फुसात अनेक जातींचे जिवाणू असतात. आजार मुरला की बऱ्याचदा विविधता घटते आणि एकच जात शिरजोर होते. ती स्वतःभोवती चिकट थर करून राहते, त्यामुळे अँटिबायोटिक नीट लागू पडत नाही. त्या बायोफिल्मलाही शब्द हवाय.

शब्दनिष्ठ: जैवपटल.

विहीरकाठ: पटल डोळ्यावर येतं. टाकीच्या भिंतीला हात लावला की लागते ती बुळबुळ, तेच हे.

लॅबवाला: आधी सांगा, पत्रकात 'थुंकी' लिहिलंय की 'बेडका'? वीस वर्षं टीबीचे नमुने घेतोय. 'थुंकी' म्हटलं की लोक डबीत नुसती लाळ देतात. 'बेडका' म्हटलं की खोलवर खाकरतात.

शब्दनिष्ठ: छापील मजकुरात बेडका? 'कफ' लिहा.

लॅबवाला: मग रुग्ण स्वतःची कफप्रकृती सांगत बसतो.

विहीरकाठ: बेडका बेडकावरूनच आला असणार. दोन्ही बुळबुळीत.

शब्दनिष्ठ: अशी व्युत्पत्ती चहाच्या टपरीवर ठीक.

घाटपायथा: त्या स्यूडोमोनासचं आडनाव 'एरुजिनोसा' ना? लॅटिनमध्ये 'एरुगो' म्हणजे तांब्यावरचा हिरवा गंज. आपला कळंक! आजी म्हणायची, पितळेच्या भांड्यात ताक कळकलं. मग बेडका हिरवा झाला की छाती कळकली म्हणावं.

लॅबवाला: थांबा. लॅबमध्ये प्लेटवर वाढवला की तो जिवाणू हिरवानिळा रंग सोडतो, खरंय. पण आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमनेही बेडका हिरवा होतो. रंगावरून जिवाणू ओळखू नका.

विहीरकाठ: कळकट त्यातलाच का?

शब्दनिष्ठ: कळकट म्हणजे मळकट. कळकणं वेगळं.

विहीरकाठ: आमच्या घरी कळकट भांड्यातच ताक कळकायचं.

अर्धविराम: पत्रक उद्या छपाईला जातंय. 'ठाण मांडून राहतो' चालेल का?

घाटपायथा: कल्हई असली तर नाही ना कळकत?