सवय झाली म्हणजे कान वाचले असं नाही

"आमच्या कामगारांना आवाजाची सवय झाली आहे, इअरप्लग कुणी मागत नाही," असं गोंगाटाच्या कारखान्यांतून सांगितलं जातं, ते मला फार काळजीचं वाटतं. ती सवय नसते, ऐकणं कमी झालेलं असतं. अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतं, म्हणून आधी 'स', 'श' असे वर्ण निसटतात आणि माणसाला वाटतं, समोरचाच पुटपुटतोय.

८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, ही कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) संस्थेची शिफारस. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. आवाज मोजायचं मीटर नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का, एवढं बघा.

इअरप्लग वाटून जबाबदारी संपत नाही. ३० डेसिबल आवाज अडवणारा प्लग ८ तासांत फक्त अर्धा तास काढून ठेवला, तरी प्रत्यक्ष संरक्षण १२ डेसिबलच्या आसपास उरतं! फोमचा प्लग बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचा, हे प्रत्येकाला करून दाखवायला हवं.

पण त्याआधी मशीनकडे बघा. सैल पत्रा, झिजलेलं बेअरिंग, सायलेन्सर नसलेली हवेची नळी. खडखडाट बऱ्याचदा तिथूनच येतो. आणि नवीन माणसाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) कामावर घेतानाच करा, नाहीतर पुढच्या तपासणीची तुलना कशाशी करणार?