‘सुसुरू’साठी मराठी क्रियापद: ओरपणे, भुरकणे की आणखी काही?

नमस्कार. एका क्रियापदावर अडलेय, मदत हवी आहे.

गेल्या महिन्यात जपानमध्ये फुकुओकाला होते. हाकाता भागातल्या एका गल्लीत रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचं, एक दुकान अचानक सापडलं. दारावर कापडी पडदा, म्हणजे नोरेन (तो बाहेर टांगलेला असला की दुकान चालू, आत घेतला की बंद). आत एक लांब फळी, तिच्यापुढे आठ स्टुलं आणि पलीकडे एकटे आजोबा. वाडग्यात दुधासारखा पांढरा रस्सा, डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेला. पण माझ्या लक्षात राहिला तो आवाज. शेजारची सातही माणसं न बोलता शेवया तोंडात ओढून घेत होती. जपानीत या क्रियेला ‘सुसुरू’ म्हणतात आणि त्या आवाजाला ‘झुरूझुरू’.

प्रवासवर्णनात आधी ‘आवाज करत खात होती’ असं लिहिलं. फारच फिकं वाटलं. मग ‘ओरपत होती’ केलं, तर आईने खोडलं. म्हणाली, “ओरपतात तो रस्सा. शेवया कशा ओरपणार?”

—

आईंचं बरोबर आहे. ओरपणं हाताशी जोडलेलं आहे. ताकभात, पातळ आमटीभात बोटांनी ओढून घ्यायचा, ओघळ मनगटावर आला तरी चालेल. भुरका ओठांचा. बशीतला चहा, कढी, कुळथाचं माडगं, सगळं भुरकायचं. भुरक्यात पदार्थाबरोबर हवा आत जाते, म्हणून कढत घोट सोसवतो आणि वासही नाकापर्यंत पोचतो. सुसुरूत नेमकं हेच होतं. शेवयांची खीर वाटी तोंडाला लावून आपण भुरकतोच की! माझं मत ‘भुरकणे’.

—

हाताचा नियम आमच्या कोल्हापुरात टिकत नाही. पांढरा रस्सा वाटीनेच पितो, तरी म्हणतो ‘ओरपला’. त्यात मन भरेपर्यंत घेणं आहे.

मला वेगळीच अडचण दिसते. आपल्याकडे हे शब्द लहानपणी दटावताना कानावर पडलेत: “भुरके मारू नकोस, नीट खा.” तिथे त्या आवाजात काही गैर नाही. नुसतं ‘भुरकत होती’ लिहिलं तर मराठी वाचकाला ती माणसं गावंढळ वाटतील, आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल.

—

आमच्या घरी चहाचा ‘फुरका’.

—

खिरीचं उदाहरण मला पटलं नाही. खिरीतल्या शेवया आखूड, मऊ, दुधाबरोबर वाहत येतात. रामेनच्या कणकेत कान्सुई नावाचं क्षारयुक्त पाणी असतं, आपल्या पापडखाराच्या जातीचं. त्यानेच शेवयांना पिवळसर छटा आणि चिवटपणा येतो. त्या लांबच्या लांब राहतात, तुटत नाहीत. म्हणून तिथे ‘ओढणे’ हवंच. ‘सुर्रकन ओढून घेणे’ असं दोन शब्दांत का नको?

—

सगळ्यांचे मनापासून आभार. दटावण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आणखी एक विचारते. हाकाताच्या शेवया अगदी बारीक, रश्श्यात लवकर मऊ पडतात. म्हणून आधी थोड्याच वाढतात आणि रस्सा उरला की नुसत्या शेवयांचा दुसरा गोळा मागायचा. त्याला ‘काएदामा’ म्हणतात. आपल्या मिसळीच्या बरोबर उलट! आपण रस्सा परत मागतो, ते शेवया. मी ‘पुरवणी’ लिहिलंय, पण ते वर्तमानपत्राचं वाटतं. ‘वाढप’ चालेल का?

शिवाय शेवया किती शिजवायच्या तेही सांगायचं असतं: ‘काता’ म्हणजे कडक, ‘बारीकाता’ त्याहून कडक, ‘हारीगाने’ म्हणजे थेट तार.

—

‘वाढप’ नको, ते वाढणाऱ्याचं काम. घरी म्हणतो तसं ‘वरून घेणे’ लिहा: ‘त्याने वरून शेवया घेतल्या.’

आणि शिजण्याचे शब्द भातातून उचला, तिथे मराठी गरीब नाही. आसट, गिच्च, मऊ, मोकळा, फडफडीत. ‘बारीकाता’साठी माझ्या डोळ्यांपुढे ‘कणी’ येते. भातात कणी राहिली तर आपण स्वयंपाक करणाऱ्याला बोल लावतो, तिथे गिऱ्हाईक ती मुद्दाम मागून घेतं.

—

‘कणी’ घेतलीच! आता परिच्छेद असा झालाय:

“कुणी बोलत नव्हतं. आजोबांनी वाडगा पुढे केला की माणूस मान खाली घालायचा आणि सुर्रकन शेवया ओढून घ्यायचा. तो आवाज इतका सहज होता की पहिला भुरका मारताना मलाही संकोच वाटला नाही. शेजारच्याने वरून शेवया मागितल्या, कणी राखलेल्या.”

आईला वाचून दाखवलं. ‘भुरका’ तिने ठेवू दिला.