पॅटर्न मॅचिंगला वेळ लागतोय, खूणही मधूनच हुकतेय

प्रश्न: कॅमेऱ्याच्या फोटोत धातूच्या पट्टीवरची खूण पॅटर्न मॅचिंगने (नमुन्याशी जुळणारी जागा सॉफ्टवेअरने हुडकणं) शोधायची आहे. कोन ०–३६०, स्केल (नमुन्याच्या तुलनेत आकार) ०.८–१.२, किमान स्कोअर (जागा नमुन्याशी किती जुळते त्याचा आकडा) ०.६. वेळ फार जातो आणि पट्टी चकाकली की खूण सापडतच नाही. स्कोअर उतरवू का?

उत्तर: स्कोअरला इतक्यात हात लावू नका! तो उतरवला की नीट न जुळणाऱ्या जागा लवकर गळत नाहीत, शोध आणखी रेंगाळतो आणि भलतंच काहीतरी पकडलं जातं. पट्टी गाइडमधून (तिला सरळ धरणाऱ्या मार्गातून) येते ना? मग ती फिरून फिरून किती फिरणार? कोन ±१० करा. कॅमेऱ्यापासूनचं अंतर पक्कं असेल तर स्केल १ वरच बांधा. खरा वेळ इथे वाचतो.

दुसरं उत्तर: पिरॅमिडही बघा, म्हणजे त्याच फोटोच्या पातळीगणिक लहान होत जाणाऱ्या प्रती; शोध सगळ्यात वरच्या, लहान प्रतीपासून सुरू होतो. दर पातळीला पिक्सेल पावपट उरतात, म्हणून वेग मिळतो. पण वरच्या पातळीवर खुणेच्या बारीक कडा विरल्या तर ती तिथेच हुकते.

प्रश्नकर्ता: वेग सुधारला, आभार. चकाकीचं काय?

उत्तर: ती आधी प्रकाशातच सोडवा. डिफ्यूज (पसरलेला, मऊ) लाइट लावा, मॉडेलमधल्या (शोधायच्या नमुन्यातल्या) चकाकीच्या कडा मास्क करा, म्हणजे झाकून वगळा. मग चांगल्या-वाईट सगळ्या फोटोंचे स्कोअर शेजारी मांडून किमान आकडा ठरवा.