छोट्या ट्रॅक्टरने रान साफ करण्याच्या कामाचा दर मीटरवर लावावा की तासावर?

डिचोलीचा शेतकरी

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी मी स्वतःच्या शेतीसाठी २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे लावायचा चार फुटी स्लॅशर (फिरत्या पात्यांनी गवत-झुडपे कापणारे अवजार) घेतला. घरची जमीन फार नाही, त्यामुळे यंत्र बरेच दिवस उभे राहते. शिवाय पावसाळा संपला की आजूबाजूचे लोक स्वतःहून विचारायला येतात, म्हणून इतरांच्या जमिनी साफ करून देण्याचे काम सुरू केले. आपल्या गोव्यात जमीन मीटरातच बोलली जाते, तेव्हा मीही सरसकट मीटरला तीन रुपये (अर्थात चौरस मीटरला) असा दर सांगून मोकळा झालो.

पहिले काम गावातल्याच एका पडीक शेताचे होते. तीन हजार मीटर जागा, सगळे गवत आणि मध्ये थोडी लाजाळू. मेरेच्या (बांधाच्या) कडेचे धरूनही तीन तासांत संपले. नऊ हजार रुपये घेतले, पण मालकाचा चेहरा उतरलेला दिसला आणि तो पुन्हा बोलावणार नाही हे मला कळले. दुसरे काम सत्तरी तालुक्यातल्या जुन्या काजू बागायतीचे होते. जागा चार हजार मीटर, दर तोच, म्हणजे बारा हजार. तिथे रानमोडी पुरुषभर वाढलेली, आत करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, आणि त्या सगळ्याखाली कोणे एके काळी काढून टाकलेले चिरे (जांभा दगड). साडेतीन दिवस गेले, इंजिनच्या तास मोजणाऱ्या मीटरवर १९ तास पडले, दोन पाती वाकली, पुढचा टायर पंक्चर झाला आणि शेवटच्या दिवशी स्लॅशरच्या गिअरबॉक्सचे ऑइल सील गेले.

मालक सज्जन आहेत, त्यांनी ठरलेले पैसे वेळेवर दिले, त्यामुळे तक्रार त्यांच्याबद्दल नाही. हिशेब मलाच जमला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हे काम जे बरीच वर्षे करत आहेत त्यांनी दर कसा बांधावा, काय आधी पाहावे आणि मालकाशी काय बोलून घ्यावे, हे सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

फोंड्याचा ट्रॅक्टरवाला

तुमचा दर फार कमीही नव्हता आणि फार जास्तही नव्हता. तो दोन्ही ठिकाणी सारखा होता, ही अडचण आहे. पहिल्या मालकाकडून तुम्ही तासाला तीन हजार घेतले आणि दुसऱ्याकडून तासाला सुमारे ६३० रुपये. मीटर हे जमिनीचे माप आहे, कामाचे नव्हे. म्हणून आधी आपल्या यंत्राचा एक तास आपल्याला कितीला पडतो हे काढावे, आणि मालकाला मीटरचा दर हवा असेल तर तो त्या तासावरून, जमीन पाहून मग सांगावा.

माझ्याकडे तुमच्यासारखेच यंत्र आहे, म्हणून हिशेब उघड मांडतो. आकडे तुम्ही तुमचे घाला. ट्रॅक्टर आणि स्लॅशर मिळून सहा लाख, दहा वर्षांनी दीड लाख परत येतील असे धरले तर वर्षाचा घसारा (यंत्राची घटणारी किंमत) ४५,००० रुपये. गुंतलेल्या पैशांची सरासरी पावणेचार लाख, त्यावर दहा टक्क्यांनी व्याज ३७,५००. विमा, शेड, कागदपत्रे यांचे १८,०००. एकूण झाले १,००,५००. वर्षाला ४०० तास काम मिळाले तर तासाला २५१ रुपये पडतात. पण २०० तासच मिळाले तर तोच आकडा ५०० च्या वर जातो, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत ४०० तास मिळतीलच असे धरून चालू नये, कारण जून ते सप्टेंबर आपले हे काम जवळजवळ बंदच असते. डिझेल भारावर सव्वातीन लिटर, लिटरला ९० रुपये धरले तर २९२ रुपये. ऑइल आणि फिल्टरचे ४५. पाती, शिअर बोल्ट, टायर आणि दुरुस्तीसाठी मी तासाला १२० बाजूला काढतो.

आता मजुरी, जिथे बहुतेक जण चुकतात. चालकाचे ९०० आणि मदतनिसाचे ८०० असे दिवसाचे १,७०० रुपये तुम्ही आठ तासांचे देता. स्लॅशर मात्र पाच तासच फिरतो. उरलेला वेळ जाण्या-येण्यात, पात्यात गुंडाळलेली वेल आणि तार सोडवण्यात, दगड उचलण्यात आणि रेडिएटरची जाळी झाडण्यात जातो. रानमोडीचा भुसा जाळीवर बसला की इंजिन तापते, म्हणून दर तासाला थांबावेच लागते. तेव्हा १,७०० ला पाचने भागायचे, आठने नाही. म्हणजे ३४० रुपये. चालक तुम्ही स्वतः असलात तरी ते ९०० रुपये धरा. सगळे मिळून तासाला १,०४८ रुपये ही फक्त पदरची किंमत झाली. वर नफा आणि अचानकच्या खर्चासाठी पाव हिस्सा धरून मी १,३०० सांगतो. सत्तरीच्या कामात तुम्ही जवळजवळ आठ हजार रुपये घरचे घातलेत, टायर आणि सीलचा खर्च त्यात पूर्ण धरला नाही तरीही.

त्या १,३०० वरून मीटरचा दर बघा. नुसते गवत असेल तर माझा स्लॅशर तासाला हजार मीटर कापतो, म्हणजे मीटरला एक रुपया तीस पैसे. छातीपर्यंतची रानमोडी एकाच फेरीत जात असेल तर पाचशे मीटर, म्हणजे दोन रुपये साठ पैसे. दगड, करवंद आणि दोन फेऱ्या असतील तर दोनशे मीटरही कठीण, म्हणजे साडेसहा रुपये. एका रुपयापासून साडेसहापर्यंत जाणारा दर फोनवर कोणी विचारला तर काय सांगणार? मी फोनवर दर सांगतच नाही. जागेवर जातो, कोयत्याने आत वाट काढून मध्यापर्यंत चालतो आणि हातातल्या पहारेने पायाखाली टोचत राहतो. जमीन फारच अंगावर येणारी वाटली तर मालकासमोर दहा मीटर बाय वीस मीटरचा तुकडा आखून कापतो आणि घड्याळ बघतो. हे दोनशे मीटर किती मिनिटांत झाले ते मालकानेच पाहिलेले असते, त्यामुळे पुढे दरावरून वाद होत नाही. मात्र तुकडा निवडताना सर्वांत सोपा किंवा सर्वांत कठीण कोपरा निवडू नये.

पंक्चरबद्दल एक गोष्ट. मजुरांनी आधी कोयत्याने तिरकी कापलेली झुडपे असतील तर ते खुंट भाल्यासारखे उभे राहतात आणि आधी पुढच्या टायरमध्ये घुसतात. मालक चांगल्या हेतूने ‘तुमचे काम हलके केले’ म्हणून आधी तोडून ठेवतात. तसे करू नका, असे त्यांना अगोदरच सांगावे. आणि अंगठ्यापेक्षा जाड खोड आपल्या चार फुटी स्लॅशरवर घालू नये. मनगटाएवढे असेल तर ते जमिनीलगत करवतीने आडवे कापायचे, आणि तो वेळ दरात वेगळा धरायचा.

सत्तरीची बागायतदार

मी या कामातली गिऱ्हाईक आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. आमची काजूची बागायत आहे आणि दरवर्षी नोव्हेंबरमध्ये ती साफ करून घ्यावीच लागते.

पहिली गोष्ट क्षेत्राची. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) चार हजार मीटर लिहिलेले असले तरी तुमचा स्लॅशर चार हजार मीटरवर फिरत नाही. जुन्या बागायतीत झाडे ओळीत नसतात, फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात, आणि त्यांच्याखाली ट्रॅक्टर नेला तर फांदी तरी मोडते नाहीतर चालकाला तरी लागते. साडेसात किंवा आठ मीटर अंतरावर लावलेल्या नव्या कलमांच्या बागेत मधल्या पट्ट्यांतून ट्रॅक्टर छान चालतो. आमच्यासारख्यांकडे जवळजवळ अर्धी जागा माणसाने खांद्यावरच्या कटरनेच करावी लागते. म्हणून ट्रॅक्टरने किती आणि हाताने किती, हे जागेवर दाखवून दोन वेगळे दर सांगणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो, मग त्याची एकूण रक्कम थोडी अधिक का असेना. झाडाच्या बुंध्याजवळ रोटाव्हेटर (माती उकरणारे अवजार) घालू देऊ नका, मालकाने सांगितले तरी. काजूची अन्न घेणारी मुळे वरच्याच थरात असतात आणि ती तुटली की त्याचा परिणाम मोहोरावर दिसतो.

दुसरी गोष्ट, आम्ही पैसे कशासाठी देतो हे समजून घ्या. बी आणि बोंडू (काजूचे फळ) गळून खाली पडतात आणि आम्ही ते खालूनच वेचतो. फेणीसाठीही झाडावर पिकून आपोआप पडलेलेच बोंडू लागतात. खाली वीतभर खुंट राहिले किंवा भुशाचा जाड थर राहिला तर वेचणाऱ्या बायकांचे हातपाय सोलून निघतात आणि बी हरवते. म्हणून कापणी किती उंचीवर होणार आणि झाडाखालचा भुसा कोण ओढून बाजूला करणार, हे दर सांगतानाच बोलले पाहिजे. एका वर्षी एका ट्रॅक्टरवाल्याने स्वस्तात काम केले आणि सगळा पाला झाडांखाली लोटून ठेवला. तो काढायला मला चार बायका दोन दिवस लावाव्या लागल्या, म्हणजे ते काम स्वस्त पडलेच नाही.

पाला जाळून टाकतो, असे कोणी म्हटले तर मी सरळ नाही म्हणते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आजूबाजूच्या डोंगरांवर ज्या आगी लागल्या त्या आम्ही घरातून पाहिल्या आहेत. भुसा दोन ओळींच्या मध्ये पसरून ठेवला तर तिथेच कुजून जमिनीत मुरतो.

आणि कृपा करून आत शिरण्यापूर्वी मालकाला विचारा की रोयण (वारूळ) कुठे आहे आणि राखणदाराचे (जागा राखणाऱ्या देवाचे) ठिकाण कुठे आहे. आमच्याकडे रोयणीला सातेरी देवीचे रूप मानतात. झाडीत ती दिसत नाही, आणि यंत्र तिच्यावरून गेले तर तुमच्या आमच्या संबंधात जे बिघडते ते पैशांनी भरून येत नाही. आम्ही नारळ ठेवल्याशिवाय कामाला हात लावू देत नाही. तुम्ही ती दहा मिनिटे थांबलात तर घरातल्या वडीलधाऱ्यांना बरे वाटते.

पेडण्याहून एक वाचक

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मी फक्त कागदांबद्दल लिहितो, कारण मोप विमानतळ झाल्यापासून आमच्या तालुक्यात बागायतीपेक्षा प्लॉट साफ करण्याची कामे जास्त येतात आणि तिथे धोका निराळा असतो.

झुडपे कापणे आणि झाडे तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला वन खात्याची परवानगी लागते आणि ती नसेल तर मालकाबरोबर तुमचेही यंत्र अडकू शकते. तसेच ट्रॅक्टरला पुढे माती ढकलायचे पाते लावून ‘जरा उतार सारखा करून द्या’ अशी विनंती नेहमी येते; डोंगर कापणे किंवा सखल जागा भरणे यासाठी नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली आधी लेखी परवानगी लागते. दर कितीही चांगला मिळत असला तरी हे काम आपल्या दरपत्रकात नसावे.

एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन आधी पाहावा. आपल्याकडे एकाच जमिनीवर भाऊ, बहिणी आणि त्यांचे जोडीदार अशी बरीच नावे असतात, कुठे कुळाचे नाव असते. तुम्हाला बोलावणारा त्यांपैकी एकच असतो, आणि दुसऱ्याने येऊन ट्रॅक्टर अडवला की तो दिवस वाया जातो. ज्याने काम दिले त्याची दोन ओळींची सही, हद्दीच्या दगडांपर्यंत त्याने स्वतः चालून दाखवणे, आणि त्या दगडांवर चुन्याची खूण, इतका हेच काम करणाऱ्या माझ्या भावाने नियमच केला आहे.

विमा कंपनीलाही एकदा लेखी विचारा. ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून नोंदवलेला असेल आणि अपघात प्लॉट साफ करताना भाड्याच्या कामावर झाला, तर भरपाईच्या वेळी प्रश्न उभा राहू शकतो.

डिचोलीचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून माझा हिशेब केला. माझे तास यंदा फार तर २५० होतील, त्यामुळे माझी पदरची किंमत फोंड्याच्या भाऊंपेक्षाही जास्त, तासाला जवळजवळ १,२०० येते. म्हणजे मी ज्याला नफा समजत होतो तो नव्हताच. पहिल्या शेताच्या मालकाकडे जाऊन पुढच्या वर्षीची कापणी निम्म्या पैशांत करून देण्याचे बोललो आहे. ते खूश झाले.

यापुढे जागा पाहून तासाचा दर, किमान तीन तासांचे पैसे आणि नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा, असे सांगायचे ठरवले आहे. एकच शंका उरते. झाडीखाली लपलेला चिरा किंवा जुनी काटेरी तार लागून यंत्र मोडले तर तो खर्च कोणी सोसायचा? आणि तासावर काम घेतले की मालकाला वाटते, हा मुद्दाम सावकाश चालवतो.

फोंड्याचा ट्रॅक्टरवाला

दुसऱ्या शंकेसाठी मी वरची मर्यादा लिहून देतो. उदाहरणार्थ, ‘दहा ते तेरा तास लागतील, तेराच्या वर गेले तर आधी विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही.’ काम सुरू करताना आणि संपताना इंजिनच्या मीटरचा फोटो मालकाला पाठवतो. आजवर कोणी शंका घेतली नाही.

दगडाचे असे आहे. पाती आणि शिअर बोल्ट हे आपले. त्यासाठीच तासाचे १२० रुपये काढलेले असतात. शिअर बोल्ट तुटतो तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी, म्हणून तिथे जास्त टणक बोल्ट कधीही घालू नका. तुमचे सील गेले त्याआधी कोणी तसा बोल्ट घातला होता का ते तपासा. पण विहीर, खड्डा, तार, पाण्याचा नळ, गाडलेला पाइप अशा मालकाला माहीत असणाऱ्या गोष्टी त्याने दाखवल्या नाहीत तर मोडतोड त्याची, हे वाक्य मी दराच्या कागदावर लिहितो आणि वाचून दाखवतो. वाचून दाखवताना दहापैकी तीन-चार जणांना तरी काहीतरी आठवते, आणि ते लगेच उठून म्हणतात, ‘थांबा, तिकडे एक जुनी बांव (विहीर) आहे.’

आणि खाली उतरून तार सोडवताना पीटीओ (स्लॅशर फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. कातळाच्या जमिनीत रानमोडीखाली फुरसे (विषारी साप) असते आणि ते पालापाचोळ्यात अजिबात दिसत नाही.